दारावरचा दर

मुंबईत वर्सोव्याच्या वाळूखालून समुद्री केबल शहरात शिरतात आणि केबल लँडिंग स्टेशनात संपतात. परदेशातून आलेली माहिती तिथून देशातल्या जाळ्यात जाते. 2022च्या अखेरीस भारतात अशा 17 आंतरराष्ट्रीय केबल 14 स्टेशनांत उतरत होत्या आणि ही सगळी स्टेशने पाचच शहरांत होती.

आंतरराष्ट्रीय दूरसंचारातली विदेश संचार निगमाची मक्तेदारी 1 एप्रिल 2002 रोजी संपली. परवाने इतरांनाही मिळू लागले. मुंबईतली जुनी स्टेशने मात्र निगमाकडेच राहिली. एखाद्या कंपनीने केबलमध्ये रीतसर हिस्सा घेतला, तरी तो आपल्या उपकरणापर्यंत आणायला स्टेशनमालकाच्या यंत्रांतूनच जावे लागे. आणि हा मालक त्याच गिऱ्हाइकांच्या मागे असलेला! त्याला उघड नकार द्यायचीही गरज नव्हती. जागा नाही म्हणावे, जोडणी लांबवावी किंवा भाडे असे सांगावे, की समुद्रातली स्वस्ताई किनाऱ्यावरच संपावी. फ्लॅग या समुद्री केबलची क्षमता वाढवण्यावरून मुंबईत पेटलेला वाद तर आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला.

जून 2007 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने या स्टेशनांना अत्यावश्यक सुविधा मानून नियम केले. मालकाने अटी आणि दर ट्रायकडून मंजूर करून जाहीर करायचे, पात्र परवानाधारकाला जोडणी द्यायची, उपकरणे ठेवायला जागाही द्यायची. पण दराचा आकडा मालकच मांडत असे. डिसेंबर 2012 मध्ये ट्रायने तोही स्वतः ठरवला.

खरी झुंज इथेच जुंपते. यंत्रे, वीज, देखभाल, घसारा आणि गुंतवणुकीवरचा परतावा यांची बेरीज करून ती क्षमतेने भागायची, एवढेच हे गणित. पण क्षमतेच्या किती हिश्श्याने? निम्मीच क्षमता वापरात धरली तर दर दुप्पट होतो. पूर्ण धरली आणि ती विकली गेली नाही, तर मालकाचा खर्च निघत नाही. टाटा कम्युनिकेशन्स (पूर्वीचे विदेश संचार निगम) आणि भारती एअरटेल या स्टेशनमालक कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि नोव्हेंबर 2018 मध्ये ट्रायने दर पुन्हा ठरवले.

2023च्या शिफारशींत ट्रायने वेगळी वाट सुचवली: मुख्य स्टेशनातून फायबरची जोडीच आपल्या केंद्रापर्यंत नेण्याची मुभा इतर परवानाधारकांना असावी. भाड्याचा हिशेब तपासत बसण्यापेक्षा, मालकाच्या यंत्रांतून जाण्याची सक्तीच कमी करणारा हा उपाय अधिक टिकाऊ ठरेल.