स्पर्धेची वेस

दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागलेले असताना नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरातून, किंवा लातूरच्या रिक्षावाल्यांनी ज्या वस्तीचे ‘ट्यूशन एरिया’ असे बारसे कधीच करून टाकले आहे तिच्यातून, सायंकाळी जो कोणी पायी जाईल, त्याला एका वर्गातून सुटून दुसऱ्या वर्गाकडे लगबगीने निघालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा असा लोंढा भेटतो की, रस्ता ओलांडावयाचा तर वारीच्या वाटेवर थांबावे तसे क्षणभर कडेला उभे राहावे लागते. चौकाचौकांतून गेल्या वर्षीच्या गुणवंतांची छायाचित्रे फलकांवर झळकत असतात, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली नावापेक्षा मोठ्या अक्षरांत सातशेवीसपैकी मिळवलेले गुण लिहिलेले असतात. हे दृश्य पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. ज्या मुलखात तीन पिढ्यांपूर्वी मातृभाषेतील शाळा काढावयाची तर सरकारदरबारी अर्जविनंत्या कराव्या लागत, तेथील शेतकऱ्याची मुलगी आज अखिल भारतीय परीक्षेत पुण्या-मुंबईच्या मुलांना मागे टाकते, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ज्या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले आणि शिवराज पाटील चाकूरकरांच्या रूपाने लोकसभेला एक अध्यक्ष दिला, त्या जिल्ह्यांत पुढाऱ्याची घडण पूर्वी कोठे होत असे आणि आता ती कोठे होते, हा प्रश्न त्या फलकांखाली उभे राहिले की मनात आल्यावाचून राहत नाही.

निजामाच्या अंमलात त्याचे एक उत्तर हिप्परग्यास सापडत असे. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ साली झाली आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू ठरली. ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमाने सभा भरवणेही परवानगीवर अवलंबून राहिले. अशा काळात, १९२१ साली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील या आडगावी राष्ट्रीय शाळा निघाली. कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ च्या सुमारास तेथे मुख्याध्यापक म्हणून आले, संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि १९३५ साली अंबाजोगाईस, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादेस, गेले. या शाळेविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी मान्यतेबाहेरची शाळा. तिच्या दाखल्यावर कचेरीत हुद्दा मिळण्याची आशा धरावी अशी स्थिती नव्हती, आणि जेथे बक्षीसच नव्हते तेथे शेजारच्याच्या पुढे जाण्याची ईर्षा कशाच्या आधारावर धरावी? गुरुजींबरोबर राहावे, जेवावे, काम करावे आणि शिकता शिकता आपल्याहून लहानास शिकवावे, हाच तेथला अभ्यासक्रम होता.

पुढे जेव्हा कसोटी आली तेव्हा ती एकेकट्याने देण्याजोगी नव्हतीच. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थी निष्कासित झाले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला, आणि त्या मुलांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. १९४८ च्या जानेवारीत नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवर हल्ला झाला, त्यात निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामासाठी सरहद्दीवर उघडलेल्या कॅम्पांतून आलेले तरुण होते; लुटीपेक्षा लुटीचा जमाखर्च चोख ठेवला गेला, याचाच अभिमान या भागातील म्हातारी माणसे अधिक बाळगीत, आणि मला वाटते त्यांचे खरे होते. विशीतल्या पोरांच्या हाती लाखांची रोकड असावी आणि हिशेबाची वही कोणी चुकवू नये, हे शिक्षण कोणत्याही परीक्षेच्या पोटात मावणारे नाही.

याचा अर्थ त्या पिढीला स्पर्धा ठाऊक नव्हती असा नव्हे. मुक्तिसंग्रामानंतर शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष झाले, साठोत्तर काळात शिवराज पाटील लातूरचे नगराध्यक्ष झाले, विलासराव बाभळगावचे सरपंच झाले. हे सारे निवडणुकीतूनच झाले, आणि निवडणुकीसारखी उघडी चुरस दुसरी नाही. पण या चुरशीचे पारितोषिक विलक्षण असते. जिंकलेल्या उमेदवारास दुसऱ्याच दिवशी गटार, नळ, दिवाबत्ती आणि थकलेली घरपट्टी यांच्या दप्तरावर बसावे लागते, आणि ज्याला कालपर्यंत पाडावयाचे होते त्या सदस्यावाचून ठरावास बहुमत मिळत नाही. हरलेल्यास सोबत घेतल्याखेरीज जिंकलेल्याचे काम चालत नाही, अशी ही स्पर्धा.

आणि मग नांदेडातला तो मनुष्य, ज्याच्याविषयी लिहावयाचे तर या लेखाची सारी जागा अपुरी पडावी. स्वामीजींच्या प्रेरणेने १९५० साली निघालेल्या पीपल्स कॉलेजचे पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर हे इंटरच्या परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी होते. प्रतिभा निकेतन या शाळेत मास्तरकी करता करता त्यांनी जे वाचले, जे बोलले आणि ज्यांच्याशी वाद घातले, त्यातून एक विद्वान तर घडलाच, पण त्याच्याभोवती एक अख्खे गाव विचार करावयास शिकले. कुरुंदकरांशी वाद घालणे म्हणजे बहुधा हरणेच. तरी हरलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, कारण आदल्या दिवशीच्या पराभवात त्याचीच काही मिळकत झालेली असे. आजच्या निवडपद्धतीत हा विद्यार्थी पहिल्याच चाळणीत गळला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो तेव्हाच्याही चाळणीत गळलाच होता. फरक इतकाच की चाळणीच्या खाली तेव्हा एक शाळा होती, एक मित्रमंडळ होते, आणि नापास झालेल्यास बोलू देणारे गाव होते.

लातूरकडे वळताना एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ज्या ‘लातूर पॅटर्न’ला लोक स्पर्धेचे मूर्तिमंत रूप समजतात, तो मुळात सहकाराचा प्रयोग होता. १९७० साली निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाला डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारखे प्राचार्य लाभले, ज्यांनी पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरूपद आणि लातूरचे थेट निवडलेले नगराध्यक्षपद ही दोन्ही कामे केली; प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात या महाविद्यालयाच्या शिस्तीला ‘पॅटर्न’ हे नाव चिकटले. सुट्टीतही वर्ग घ्यावयाचे, चाचण्यांमागून चाचण्या द्यावयाच्या, तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हाती देऊन चूक समजावयाची, प्राध्यापकांनी प्रश्नसंच एकत्र बसून तयार करावयाचे: यातले कोणतेही काम एकट्या शिक्षकाचे नव्हते. चुरस होती ती लातूरची पुण्याशी. ‘बोर्डात’ आलेला मुलगा कॉलेजचा, किंबहुना गावाचा असे. स्पर्धा वेशीबाहेर, सहकार वेशीच्या आत, अशी ती व्यवस्था होती.

पहिलवानकीची जाण असलेल्या या भागात हे कोणास समजावून सांगण्याची गरज नसावी. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले होते. तालमीतला जोडीदार रोज आपल्याला पाडतो आणि आपण त्याला पाडतो, तेव्हा कोठे जत्रेतल्या कुस्तीसाठी दम तयार होतो. जोडीदारास डाव न सांगणारा पहिलवान स्वतःच कच्चा राहतो. बिराजदार पुढे स्वतः वस्ताद झाले, हे त्या तालमीच्या शिक्षणाचेच फळ मानले पाहिजे.

मग वेस सरकली. राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या जागी देशभराची ‘नीट’ आली. २०२० साली वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्र रद्द झाले, ज्याची मागणी मराठवाड्यानेच लावून धरली होती. आणि शिकवणीचा केंद्रबिंदू महाविद्यालयातून खासगी वर्गात गेला. बॅचेस गुणानुक्रमे लागू लागल्या, दर चाचणीनंतर मुलाची जागा बदलू लागली, ‘रिपीटर’ हा शब्द घराघरांत पोहोचला, आणि जी वेस गावाबाहेर होती ती एका बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या मधोमध येऊन उभी राहिली. यातली गंमत अशी की हिशेबानेही हे खोटे आहे. २०२४ साली या परीक्षेस नोंदणी केलेल्यांची संख्या २४ लाखांच्या घरात होती. शेजारच्या मुलास वही न दाखवून त्यास मागे टाकले, तर आपला क्रमांक वर सरकतो तो एकाने. त्याच वर्षी पेपरफुटीच्या प्रकरणात लातुरातही गुन्हा दाखल झाला, एवढा उल्लेख करून पुढे जातो. ज्यांचा न्याय न्यायालय करील त्यांचा तो आपण करू नये.

अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ साली, काळ्या, गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एका वर्गात बसवले असता भांडणे विकोपास गेली, तेव्हा एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलास एकेक तुकडा दिला. संपूर्ण धडा कळावयाचा तर इतरांचे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. काही आठवड्यांत वैर निवळू लागले. हे वाचताना मला हिप्परगा आठवला. पण इकडचा तुकडा इकडे कोणी आठवीत नाही, हा आपला जुनाच रोग.

शासनाने मात्र याच्या उलट केले. १९९४ साली, म्हणजे ज्या वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडास स्थापन झाले त्याच वर्षी, महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि महाविद्यालयातील थेट निवडणुका बंद होऊन, मागील परीक्षेतील गुणवत्तेच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची रीत पडली. निवडणुकांतील हाणामाऱ्या आणि खुनापर्यंत गेलेले प्रकार पाहता कारण समजण्याजोगे होते. तरीही पहिला आलेला विद्यार्थी हाच वर्गाचा प्रतिनिधी, या कल्पनेत गुण आणि विश्वास यांची गल्लत होती, आणि दोन-अडीच दशकांची तरुण मंडळी मत मागण्याचे आणि हरण्याचे शिक्षण न घेताच पदवीधर झाली. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. ती कागदावरून मैदानात उतरण्यास मात्र मुहूर्त सापडेना.

आणि जेथे चुरस हवी होती तेथे काय झाले? साखर कारखाना, मध्यवर्ती बँक, दूधसंघ, बाजार समिती: ‘सहकार’ या नावाखाली ज्या संस्था मराठवाड्याने उभारल्या, त्यांच्या निवडणुका ‘बिनविरोध’ होणे हा वर्तमानपत्रांत अभिनंदनाचा विषय झाला. जागा वाटून घ्यावयाच्या, नाराजांना समितीवर घ्यावयाचे, आणि पित्याची खुर्ची पुत्राने चालवावयाची. वारसाने आलेला प्रत्येक पुढारी अपात्र असतो असे मी म्हणत नाही. वडिलांच्या सावलीत काम शिकलेलाही कित्येकदा बरा निघतो. पण ज्याला कधी कोणी पाडलेच नाही त्याच्या ताकदीची परीक्षा कोणत्या आखाड्यात व्हावी? वर्गात, जेथे मुलांनी एकमेकांना सावरावयाचे, तेथे आपण कुस्ती लावून दिली, आणि कारखान्याच्या सभागृहात, जेथे कुस्ती व्हावयास हवी होती, तेथे गळाभेट. दोन्ही जागांची अशी अदलाबदल एकाच पिढीने केली.

पुढारी घडण्याची आणखी एक जागा या भागाने पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन उरकून गावे नुकती झोपली होती. पहिल्या तासांत दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून माणसे काढली ती गावच्याच आणि शेजारच्या गावांतील तरुणांनी, सरकारी यंत्रणा पोहोचण्यापूर्वी. त्यांना कोणी पुढारी नेमले नव्हते.

मागे लातुरातील एका साध्या वसतिगृहात रात्री दहानंतर जाण्याचा योग आला. वरच्या मजल्यावरील एका खोलीत चार मुले भिंतीला टेकून बसली होती आणि पाचवा, जो त्या आठवड्याच्या चाचणीत त्यांच्यापेक्षा बराच खाली गेला होता असे नंतर कळले, खडूने फरशीवर रसायनशास्त्रातील एक अभिक्रिया काढून समजावीत होता. मेसचा डबा उघडा पडला होता, भाकरी वाळत होती. दाराशी माझी चाहूल लागताच एकाने पायाने ती आकृती पुसली; वसतिगृहाचा व्यवस्थापक एकत्र अभ्यासास हरकत घेतो, असे त्यांचे म्हणणे पडले. मी व्यवस्थापक नाही हे पटल्यावर त्या मुलाने ती पुन्हा काढली.