चाळीस लिटरचं पातेलं घेताना

चेन्नईत टी. नगरमधल्या किंवा सौकारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात चाळीस लिटरचं स्टीलचं पातेलं मागणारी मराठी माणसं साधारण दोन प्रकारची असतात. एक, कोजागिरीचं दूध किंवा गणपतीच्या प्रसादाची भाजी घरच्या घरी करू पाहणारी. दुसरी, पुण्या-बंगळुरूच्या मायक्रोब्रुअरीत बिअर चाखून आलेली आणि ‘हे घरीही जमेल’ असं वाटू लागलेली तरुण मंडळी. भांडं दोघांना एकच हवं असतं. आणि दोघांच्या डोक्यातले गैरसमजही बऱ्याच अंशी सारखेच असतात. एक मात्र फक्त दुसऱ्या गटाचा आहे, आणि तो सगळ्यांत महाग पडू शकतो. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

‘विकायची नाही, स्वतःपुरती बिअर केली तर चालतं’

चालत नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत आठवी नोंद मादक पेयांची आहे. त्यांचं उत्पादन, बाळगणं, वाहतूक, विक्री हा सगळा राज्यांचा विषय. तमिळनाडूत आजही १९३७ चा मद्यनिषेध कायदा लागू आहे. राजाजींच्या सरकारनं १ ऑक्टोबर १९३७ पासून सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली, तो हाच कायदा. १९७१ मध्ये करुणानिधींच्या सरकारनं बंदी शिथिल केली आणि १९७४ मध्ये पुन्हा लावली. १९८३ मध्ये ‘टास्मॅक’ हे सरकारी महामंडळ आलं आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याकडे गेली. गल्लोगल्ली टास्मॅकची दुकानं पाहून इथे दारूबंदीचा कायदाच उरला नाही असं वाटतं, पण परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा तेव्हा होता तसाच आजही आहे. त्यात ‘घरगुती वापरासाठी’ अशी सूट नाही.

महाराष्ट्रातही वेगळं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं कलम ६५ फक्त दारू गाळण्याला किंवा बनवण्याला लागू होत नाही. त्या हेतूनं साहित्य, भांडी, उपकरणं जवळ बाळगणंही त्यात येतं. म्हणजे पातेलं घेणं गुन्हा नाही, पण बिअर बनवण्यासाठी ठेवलेलं पातेलं गुन्ह्याचा भाग ठरू शकतं. पुण्यात २००९ मध्ये ‘डुलाली’ सुरू झाली ती मायक्रोब्रुअरीचा व्यावसायिक परवाना घेऊन. असा परवाना स्वयंपाकघराला मिळत नाही.

गोंधळ होतो तो परदेशातले व्हिडिओ पाहून. ब्रिटननं घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये केंद्रीय कायदा बदलला आणि एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पुढची सगळी माहिती बिअरसाठीही उपयोगी पडेल. चेन्नईत राहणाऱ्यांनी ती दूध, सांबार, पायसम आणि गुळाच्या पाकासाठी वापरावी. मला हे निक्षून सांगावंसं वाटतं, कारण हौसेपोटी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागणं ही किंमत फार मोठी आहे.

‘लोहचुंबक चिकटलं नाही, म्हणजे स्टील अस्सल’

दुकानात सर्वाधिक चालणारी ही परीक्षा, आणि सर्वाधिक फसवणारीही. इथे स्टेनलेसला एव्हरसिल्व्हर म्हणतात. तुम्ही शंका घेतलीत की दुकानदार गल्ल्यातून लोहचुंबक काढून पातेल्याला लावून दाखवतो. ते घसरून पडतं आणि गिऱ्हाईक समाधानानं मान डोलावतं.

स्टेनलेस म्हणजे किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. ३०४ या ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. भांड्यावर ‘१८/८’ लिहिलेलं असतं ते यावरून. निकेलमुळे पोलादाची अंतर्गत रचना बदलते आणि ते चुंबकाला दाद देत नाही. पण निकेल महाग, आणि भारताला ते आयात करावं लागतं. म्हणून आपल्याकडे २०० मालिकेतली पोलादं भांड्यांसाठी खूप वापरली जाऊ लागली. त्यांत निकेलचं बरंचसं काम मँगनीजकडून करून घेतात. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के असतं, तर बाजारात ‘जे-४’ म्हणून चालणाऱ्या ग्रेडमध्ये जेमतेम १ टक्क्याच्या आसपास. हीसुद्धा चुंबकाला चिकटत नाहीत. म्हणजे ज्या दोन मालांत खरा फरक करायचा, त्यांच्यातच चुंबक फरक करू शकत नाही.

उलटही घडतं. ४३० या ग्रेडमध्ये निकेल जवळजवळ नसतंच, चुंबक त्याला घट्ट चिकटतं, तरी १६ ते १८ टक्के क्रोमियम असलेलं ते अस्सल स्टेनलेस आहे. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला मुद्दाम हेच लावतात. शिवाय अस्सल ३०४ चा पत्रा दाबून, ओढून पातेलं घडवलं की कडेच्या वळणाशी त्यात थोडं चुंबकत्व येतं. तिथे चुंबक हलकंसं ओढलं गेलं म्हणून चांगलं भांडं नाकारणारेही मी पाहिले आहेत.

याच्याच जोडीचा इथला खास समज म्हणजे ‘सेलमचं स्टील’. चेन्नईपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर ‘सेल’चा सेलम पोलाद कारखाना आहे. तिथे १९८१ पासून स्टेनलेसचा पत्रा बनतो आणि त्याचं नाव चांगलं आहे. पण तिथे एकाहून अधिक ग्रेड बनतात. ‘सेलम’ म्हणजे ३०४ असं समीकरण नाही. दुकानदार ‘सेलम’ म्हणाला तर पुढचा प्रश्न ‘कोणता ग्रेड?’ हाच असायला हवा. मँगनीज असलं की रंग बदलणारं रसायन काही व्यापारी ठेवतात, मोठ्या ठोक व्यापाऱ्यांकडे धातूचं घटकप्रमाण दाखवणारं हातातलं यंत्रही असतं. यांपैकी काही नसेल तर बिलाचाच आधार.

२०० मालिकेचं भांडं विषारी असतं, हाही अतिरेकच. कोरड्या डाळी-तांदळासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी ते वर्षानुवर्षं चालतं. चिंच, मीठ आणि तासभर उकळी असा रोजचा मारा असेल तर मात्र ३०४ टिकतं आणि २०० मालिका आधी खड्डे धरते.

‘स्टेनलेस म्हणजे गंज नाहीच’

क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, आणि तो ओरखडा पडला तरी स्वतःहून भरून येतो. स्टेनलेसची सारी करामत या थरात आहे. त्याचा मोठा शत्रू क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. आणि चेन्नईत मीठ फक्त डब्यात नसतं. बेसंत नगर, तिरुवान्मियूरसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात ते हवेत असतं आणि अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यातही. गॅलरीत उपडं ठेवलेलं मोठं पातेलं महिन्याभरात चहा सांडल्यासारख्या तपकिरी डागांनी भरलं तर दुकानदारानं फसवलंच असं समजू नका. ३०४ वरही असे डाग येतात.

थंड पाण्यात मीठ टाकून पातेलं तसंच ठेवलं की खडे बुडाशी बसतात आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मीठ पाण्याला उकळी आल्यावर घालावं आणि ढवळावं. ब्लीचमध्ये भांडं भिजत घालू नये, त्यातही क्लोरीनच. लोखंडी तारेच्या घासणीचे कण स्टीलमध्ये रुतून राहतात आणि गंजतात ते कण, दोष मात्र भांड्याला जातो. तपकिरी डाग लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणानं निघतात. जास्त तापल्यावर बुडाशी येणारी निळी-जांभळी झाक निरुपद्रवी आहे. चिंचेच्या कोळानं पुसून पाहा.

नव्या पातेल्याच्या आतून पांढरा कपडा फिरवला तर तो काळा होतो. तो पॉलिशचा मसाला असतो. आधी खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसायचं, मग गरम पाणी आणि साबण, आणि कपडा स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तेच. साबणानं एकदाच धुऊन हे निघत नाही.

‘गेज जास्त तितकं भांडं जाड’

नेमकं उलटं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे ०.७. चाळीस लिटरच्या आसपासच्या भांड्याला २२ गेज म्हणजे दूध लागायची हमीच समजा.

कारण स्टील उष्णतेचं वाईट वाहक आहे. ॲल्युमिनियम त्याच्या पंधरापट आणि तांबं पंचवीसपट वेगानं उष्णता पसरवतं. स्टीलच्या पातळ बुडाखाली ज्वाला जिथे लागते तिथेच ते भडकून तापतं आणि शेजारची जागा त्या मानानं थंड राहते. दुधातली साखर आणि प्रथिनं त्या तापल्या वर्तुळावर चिकटून करपतात. परदेशात घरी बिअर करणाऱ्यांच्या माल्टच्या गोड अर्काचंही हेच होतं. उपाय म्हणजे जाड बूड, किंवा दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकती दाबलेलं बूड.

जाडी दुकानात मोजणार कशी? इथे मोठी भांडी बऱ्याचदा वजनावर विकतात, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं. ३६ सेंटिमीटर व्यास आणि ३६ सेंटिमीटर उंचीचं, झाकण आणि कड्या सोडून मोजलेलं पातेलं सरासरी १.२ मिलिमीटर पत्र्याचं असेल तर वजन पावणेपाच किलोच्या वर भरतं. काटा तीन किलोच्या खाली थांबला तर पत्रा ०.७ चा आहे, लेबलावर काहीही लिहिलेलं असो. मात्र बुडाला चकती असेल तर वजन बुडातच जातं आणि भिंती पातळ असू शकतात. अशा वेळी काठ बोटांनी दाबून पाहावा.

याच मापांवरून लिटरही काढता येतात. त्या ३६ बाय ३६ च्या पातेल्यात काठोकाठ साडेछत्तीस लिटर मावतं, ४० बाय ४० मध्ये पन्नास. दुकानदार सांगतो तो आकडा काठोकाठचा असतो. उतू जाणाऱ्या पदार्थाला वर किमान चौथाई जागा रिकामी हवी. म्हणजे शंभर माणसांना प्रत्येकी दोनशे मिलिलिटर, एकूण वीस लिटर दूध करायचं तर तीस लिटरचं पातेलं पुरेसं, चाळीसचं निश्चिंतीचं. अमेरिकेतल्या भाच्याला वीस लिटर बिअर करायची तर उकळीत तासाला तीन-चार लिटर उडून जातात, त्यामुळे त्यालाही छत्तीस-चाळीसचंच लागतं. आणि तासभर झाकण उघडं ठेवावं लागतं; ते लावलं तर माल्टमधून निघणारा गंधकयुक्त वास आतच अडकतो.

‘मोठं घेतलं की सगळ्याला पुरतं’

चाळीस लिटर भरलेलं पातेलं भांड्यासकट पंचेचाळीस किलोच्या घरात जातं. ते उकळतं असताना दोघांनी उचलणं हे स्वयंपाकघरातलं सगळ्यांत धोक्याचं काम आहे. घरच्या शेगडीवर एवढं पातेलं शेजारचा बर्नरही झाकतं, खालची धग परतते आणि काचेची शेगडी तडकू शकते. शिवाय वेळ पाहा: पंचवीस लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला घरच्या मोठ्या बर्नरला सव्वा तास तरी लागतो. याला जमिनीलगतची ठेंगणी भट्टी हवी, आणि हवेशीर जागा.

उचलणं टाळायला बुडाशी तोटी बसवून घेतात. इथले कारागीर ती चटकन बसवून देतात, पण जोडाकडे नीट पाहा. वेल्डिंगच्या कडेला निळसर-तपकिरी पट्टा राहिला असेल तर तिथलं क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. तो पट्टा आम्लाच्या लेपानं साफ करून मागावा. वेल्डिंगशिवाय सिलिकॉनच्या वॉशरवर बसवलेली तोटी मला जास्त पसंत आहे, कारण ती पूर्ण खोलून धुता येते. आट्यांमध्ये अडकलेलं दूध दुसऱ्या दिवशी काय करतं हे वेगळं सांगायला नको.

ॲल्युमिनियमचं काय? ‘त्यानं स्मृतिभ्रंश होतो’ हे सिद्ध झालेलं नाही. पण चिंच-टोमॅटोसारख्या आंबट पदार्थांत ॲल्युमिनियम जास्त विरघळतं, म्हणून रसम-सांबारासाठी स्टीलच बरं. नुसतं पाणी तापवायला किंवा भात शिजवायला ॲल्युमिनियम स्वस्त आणि उत्तम.

केंद्र सरकारनं १४ मार्च २०२४ रोजी स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. स्टेनलेसच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६ आहे. भांड्यावर हा क्रमांक शोधा. आणि दुकानात जाताना मोजपट्टी बरोबर न्या, पातेलं झाकणाशिवाय काट्यावर ठेवायला सांगा आणि बिलावर ‘३०४’ असं लिहून मागा. तोंडानं ३०४ सांगणारा दुकानदार ते बिलावर लिहायला तयार नसेल, तर त्या पातेल्याला ३०४ चा भाव देऊ नका.