आवारात अपघात झाला, तर भरपाई कोणाकडे मागायची?



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाहनतळावर रात्रंदिवस गर्दी असते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या नंबर लागेपर्यंत ताटकळत उभ्या राहतात. गाडी मागे घेताना एखादा माणूस सापडतो, उतारावर लावलेली भरली ट्रॉली सरकते, तर कोणी उघड्या खड्ड्यात पडून पाय मोडून घेतो. मग चार माणसे गोळा होतात आणि त्यातला एकजण हमखास म्हणतो, "सडकेवर झालं असतं तर क्लेम मिळाला असता. हे आवारात झालंय, आता काय मिळतंय?"

हा समज खोटा आहे. कारखान्याचे आवार असो, मार्केट यार्ड असो की धाब्यापुढची मोकळी जागा, नियम तोच.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे वाहनाच्या वापरातून इजा झाली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहेच, कायद्याच्या व्याख्येत ट्रॉलीही येते. बैलगाडी मात्र येत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टातच जावे लागते. "जागा खाजगी आहे, सार्वजनिक नाही, म्हणून पॉलिसी लागू नाही," असा बचाव विमा कंपनी घेते. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ सालीच उत्तर दिलेले आहे. खाजगी मालकीची जागा असली, तरी जेथे लोकांना परवानगीने किंवा काही अटींवर का होईना जाता-येता येते, ती जागा विम्याच्या कामी सार्वजनिकच धरावी, असा तो निकाल आहे. ऊस घेऊन आलेल्या माणसाला फाटकातून आत घेतात, तेव्हा हाच मुद्दा लागू पडतो.

"गाडी उभी होती, चालू नव्हती" हीदेखील सबब चालत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका पेट्रोल टँकरच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले की उभे वाहनसुद्धा वापरातच असते.

आता नाजूक गोष्ट. कारखाना आपलाच, आपण त्याचे मालक, मग त्याच्यावर दावा कसा करायचा, असे पुष्कळांना वाटते. वाहनाच्या अपघातात दावा त्या वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांच्यावर असतो. विमा चालू असेल, तर पैसे बहुधा विमा कंपनीच भरते. कारखान्याचा संबंध येतो तो खड्डा उघडा ठेवला, दिवे बंद, उतारावर ओट नाही, अशा व्यवस्थेतल्या कसुरीमुळे इजा झाली तर. तेव्हा दिवाणी दावा असतो आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची. कारखाना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेला असेल, तर संस्थेच्या कामकाजाबाबतच्या दाव्याआधी कलम १६४ प्रमाणे निबंधकांना लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. ही नोटीस राहिली, म्हणून चांगला दावा अडकू नये. आणि अशी मागणी करणारा सभासद कारखान्याचा वैरी ठरत नाही.

वाहनाच्या दाव्याची मुदत यापेक्षा फार थोडी आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. नोव्हेंबरात पाय मोडला आणि "हंगाम उरकू दे, मग बघू" म्हटले, की मे कधी येतो ते समजत नाही. अर्ज आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. अपघात परजिल्ह्यात झाला, म्हणून तिकडे खेपा घालायची गरज नाही.

दावा बिघडतो तो मात्र पहिल्या दोन दिवसांतच. ट्रॉलीवाला गावचा, भावकीतला. त्याला पोलिसांचा त्रास नको, म्हणून दवाखान्यात "जिन्यावरून पडला" असे सांगतात. डॉक्टर तसेच लिहून घेतो. तीन महिन्यांनी ऑपरेशनचा खर्च अंगावर आला की खरी हकिकत सांगायची पाळी येते आणि विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर पुढे करतो. दवाखान्यात पहिल्या वेळीच खरे सांगावे. वाहनाचा नंबर, जागा आणि वेळ नोंदवून घ्यावी. कोऱ्या कागदावर किंवा "आपसात मिटले" अशा मजकुराखाली सही-अंगठा करू नये. त्या क्षणी पाच हजार हातात पडतात, ते पुढे फार महाग जातात.

पोलीस "हे खाजगी आवार आहे" म्हणून परत पाठवू लागले, तर त्यांना सांगावे की निष्काळजीपणाने दुसऱ्याला इजा करण्याच्या गुन्ह्याला सडकच लागते असे नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ कोठेही लागू होते. तरी फिर्याद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवावा आणि पावती जपावी. पंचनाम्यात वाहन कसे उभे होते, उजेड होता का, हे यावे. काट्यावरची पावती त्या वेळी गाडी आवारात होती याचा पुरावा असतो, तीही जपून ठेवावी.

दोष दोन्हीकडे असू शकतो. रात्री थंडीत नंबर यायला वेळ असतो, म्हणून काही मंडळी ट्रॉलीखाली गोणपाट टाकून झोपतात. चालकाने न बघता गाडी हलवली, तर दोष त्याचा आहेच. पण कोर्ट झोपणाऱ्याचाही काही वाटा धरते आणि तेवढी रक्कम कापते. मडगार्डवर बसून आलेल्या माणसाचे याहून अवघड. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय बसायची जागा नाही, म्हणून विमा कंपनी हात वर करते आणि बोजा मालकावर येतो.

रक्कम कशी ठरते? समजा वय ४२, महिन्याची कमाई १५ हजार आणि कमावण्याची ताकद ३० टक्के घटली. वर्षाचे नुकसान ५४ हजार. त्या वयाला सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरवलेला गुणक १४. म्हणजे ७ लाख ५६ हजार. दवाखाना, वेदना, पुढची कमाईवाढ हे वेगळे. शेतकऱ्याच्या बाबतीत विमा कंपनी म्हणते, "जमीन तर जागेवर आहे, नुकसान कसले?" इथे सात-बारा आणि ऊसबिले पुरत नाहीत. आधी स्वतः पाणी धरत होता, औत हाकत होता, आता त्यासाठी गडी लावावा लागतो, हे दाखवावे लागते. त्या गड्याच्या मजुरीचा हिशेब वहीत तारीखवार लिहून ठेवावा. कोर्टात ही वही कामाला येते.

चूक कोणाची ते न ठरवताही कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. मात्र ही रक्कम स्वीकारली की मोठ्या दाव्याचे दार बंद होऊ शकते. सही करण्याआधी वकिलाला विचारावे. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तेथे वकील मोफत मिळतो.

तोडणी मजूर किंवा पगारी चालक कामावर असताना जखमी झाला, तर मालकाकडून कामगार भरपाईचा दुसरा मार्ग असतो. दोन्हीकडून घेता येत नाही, एक निवडावा लागतो. आणि धडक देऊन गाडी पळाली, नंबर कोणालाच दिसला नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला ५० हजार मिळतात. त्यासाठीही पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याचा कागद लागतोच.