केसबुक भरते, पण हात बसतो का?

प्रसूतिशास्त्राच्या परीक्षेला बसायचे तर नर्सिंगच्या विद्यार्थिनीला आधी केसबुक भरावी लागते. अनेक वर्षे चालत आलेल्या अभ्यासक्रमात 20 सामान्य बाळंतपणे, 30 गरोदर स्त्रियांची तपासणी अशी आकड्यांची अट होती. लेबर रूमला पोस्टिंग लागलेली मुलगी मग आकड्यामागे धावली, तर तिला दोष कसा द्यायचा? संख्या लागतेच, त्याशिवाय हात बसत नाही. पण कोणी जागच्या जागी दाखवून दिली नाही, तर पहिल्या बाळंतपणातली चूक विसाव्यातही तशीच राहते. म्हणून पोस्टिंग चांगली झाली की नाही हे ठरवताना केसबुकमधल्या सह्यांइतकेच दुसरे काहीतरी मोजायला हवे: तिच्यासाठी नेमलेली अनुभवी सिस्टर तिच्या शेजारी किती वेळ उभी होती.

रत्नागिरीचेच उदाहरण घ्या. तिथे शिकलेली मुलगी पुढे काम कुठे करणार, हे डोळ्यांपुढे आणले की याचे महत्त्व कळते. लांजा किंवा संगमेश्वर तालुक्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र, रात्रपाळी, जुलैचा पाऊस. बाईला कोल्हापूरला हलवायचे तर मध्ये आंबा घाट, आणि पावसाळ्यात घाटात दरडींची धास्ती. म्हणून धोका तिथेच, वेळेत ओळखावा लागतो. बाळंतपणानंतर 500 मिलिलिटरहून जास्त रक्त गेले की तो अतिरक्तस्राव मानतात. पण कापसात, चादरीत मुरलेले रक्त नुसत्या नजरेने अजमावताना अनुभवी माणसांचा अंदाजही कमीच निघतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ अभ्यासात केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांनी मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा कागद बाईखाली अंथरून रक्त मोजले, आणि रक्तस्राव ओळखताच मसाज, औषधे, सलाईन असे सगळे उपचार एकदम सुरू केले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण त्यामुळे 60 टक्क्यांनी घटले. हा कागद विकत आणता येतो. गर्भाशय सैल पडले आहे हे पोटावर हात ठेवून ओळखणे मात्र मुलीच्या हाताशेजारी जाणकार हात असल्याशिवाय येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सिस्टरच कमी, त्यात शिकवणार कोण? तक्रार खोटी नाही. पण याच टंचाईमुळे विद्यार्थिनीला रक्तदाब घेणे, कागद पोचवणे अशा कामांना जुंपले जाते, आणि काही वर्षांनी तीच अर्धवट तयारीनिशी नोकरीला लागते. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेच्या 2018 च्या निकषांत विद्यार्थिनीला वॉर्डच्या मनुष्यबळात धरत नाहीत. शिवाय रोज शिकवणारी व्यक्ती आणि मूल्यमापन करणारी व्यक्ती वेगळी ठेवलेली आहे. हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. जिच्या सहीवर आपला निकाल अवलंबून आहे, तिच्यापुढे ‘मला हे कळले नाही’ असे कोण म्हणेल? सगळी ब्रिटिश व्यवस्था इथे उचलून आणता येणार नाही. पण प्रत्येक पाळीत एका सिस्टरकडे दोनच मुली सोपवणे, बाळंतपण उरकल्यावर दहा मिनिटे त्याबद्दल बोलणे आणि हा वेळ ड्यूटीत धरणे यासाठी नवी इमारत लागत नाही. भारत सरकारनेही 2018 मध्ये 18 महिन्यांच्या स्वतंत्र मिडवायफरी प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे आणली, पण ती आधीच पात्र झालेल्या परिचारिकांसाठी. पहिल्यांदा लेबर रूमची पायरी चढणारी मुलगी त्यात येत नाही.

‘आमच्या वेळच्या सिस्टर बघून बघूनच शिकल्या’ हा दुसरा आक्षेप. शिकल्या, हे खरे. पण त्या शिकण्याची किंमत कोणत्या बायकांनी मोजली, याची नोंद कुठल्याही केसबुकमध्ये नाही. कळा देणारी बाई म्हणजे सरावाचा पुतळा नव्हे. साध्या बाळंतपणात आतून तपासणी साधारण चार तासांनी करावी आणि एकाच बाईला अनेकांनी तपासणे टाळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वारंवार तपासण्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आकडा गाठायची घाई नेमकी याच्या उलट दिशेला ढकलते. त्यात 2023 पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, म्हणजे त्याच खाटांभोवती शिकणारे आणखी हात येणार. कोणत्या बाईजवळ कोणी थांबायचे हे डॉक्टरांच्या आणि नर्सिंगच्या शिक्षकांनी मिळून पाळीच्या सुरुवातीलाच ठरवायला हवे, आणि त्याआधी बाईला विचारायला हवे. ती नको म्हणाली, तर त्या दिवशी त्या मुलीच्या वहीत एक केस कमी भरेल.