ओव्यांना नाव-गाव

जात्यावरच्या ओव्या गोळा करणं मराठीला नवं नव्हतं. साने गुरुजींनी केलं, सरोजिनी बाबरांनी आयुष्यभर केलं. मग फ्रान्समध्ये १९३४ साली जन्मलेल्या, पुण्यात स्थायिक होऊन भारतीय झालेल्या गी प्वातवाँ यांनी वेगळं काय केलं?

सुरुवात संशोधनातून झालीच नाही. मावळ-मुळशीच्या डोंगरपट्ट्यात ते आणि हेमा राईरकर गरीब डोंगरी संघटनेच्या कामात होते. बायका बैठकीला यायच्या, बोलायच्या मात्र बेतानंच. ओवी निघाली की त्याच बायका सासुरवास, भावाची माया, बाईचा जन्म यांबद्दल धडाधड बोलायच्या. ऐंशीच्या दशकात दोघांनी हा धागा पकडला. ओवी जपायची ती जुनी, गोड म्हणून नव्हे, तर तो बायकांचा स्वतःचा विचार आहे म्हणून, ही त्यांची भूमिका. त्यामुळे संकलनाच्या कामात गावातल्या बायकाही उतरल्या आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, जात नोंदली गेली. मला हीच नोंद सगळ्यात मोलाची वाटते. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या होत्या, पहाटेचं दळण थांबलं होतं. उरलं होतं ते बायकांच्या तोंडी.

हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमल्या. त्या वाचून विषयवार लावण्याचं किचकट काम मुख्यतः हेमाताईंचं. तरी ‘फ्रेंच माणसाचा प्रकल्प’ असंच अजून ऐकू येतं, ते खटकतं. नव्वदच्या दशकात त्यांचे सहकारी बर्नार्ड बेल यांनी साडेचार हजारांच्या आसपास ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, कारण कागदावर चाल उतरत नाही.

‘बलुतं’ आणि बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ ही दलित आत्मकथनं फ्रेंचमध्ये नेणारेही प्वातवाँच. ओव्यांकडे त्यांचा कान का लागला, याचं उत्तर मला या अनुवादांत सापडतं. हा माणूस लोकसाहित्याच्या हौसेनं आला नव्हता. ज्यांचं बोलणं कुणी विचार म्हणून धरत नाही, त्यांच्याकडे तो वळत होता. म्हणून या संग्रहात विठोबा आहे तसे बाबासाहेबही आहेत. माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे यांनी १९९६ मध्ये भीमरायाच्या ओव्या गायल्या.

प्वातवाँ २००४ मध्ये गेले. ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून हा संग्रह लोकांपुढे मांडायला घेतला आणि गाणाऱ्या बायकांचा माग काढत माणसं पुन्हा गावोगाव गेली. नाव-गाव लिहिलेलं होतं, म्हणून राधाबाई सापडल्या.