टोकाची हयगय

केबल दूरचित्रवाणीच्या जाळ्यांचे नियमन करणारा कायदा १९९५ साली संमत झाला. त्याला तीस वर्षे उलटून गेली असताना, ज्या तारेमुळे तो कायदा करावा लागला तीच तार आता शहरांतून कापून काढली जात आहे. मुंबई-पुण्यातील जुन्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि जिन्यांच्या खिडक्यांबाहेर तिचे काळे तुकडे लोंबत आहेत, शेजारून फायबरची बारीक तार भिंतीला चिकटून वर चढली आहे, आणि या बदलाचे समर्थन करताना जुनी केबल मुळातच कुचकामी होती असे सर्रास सांगितले जाते. हे निदान चुकीचे आहे. केबल बहुधा ठीकच होती. तिची टोके वाईट बांधलेली होती, आणि ती तशी का बांधली गेली याचा विचार ज्या काळात व्हायला हवा होता त्या काळात तो झाला नाही.

या तारेचा आरंभीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली तिच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले, अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये तिला आधुनिक रूप दिले, आणि १९५०च्या दशकात एरिक विन्स्टन यांनी एफ कनेक्टर घडवला, जो पुढे जगभर केबलच्या टोकाला बसला. आपल्याकडे १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतरही दीर्घकाळ असंख्य घरांत गच्चीवरील अँटिनापासून टीव्हीपर्यंत चपटी दुपदरी तारच येत असे, आणि ती जोडायला स्क्रू पिळण्यापलीकडे फारसे कौशल्य लागत नसे.

कोॲक्सियल केबलची रचना मात्र अशी ढिलाई सहन करणारी नाही. मध्यभागी एकच जाड तार, जिला कारागीर ‘कोअर’ म्हणतात. तिच्याभोवती पॉलिइथिलीनच्या फेसाळ द्रव्याचा पांढरा विद्युतरोधक थर. त्यावर ॲल्युमिनियमचा वर्ख, वर्खावर बारीक तारांची जाळी आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण, असे हे पदर एकाच अक्षाभोवती असतात, आणि कोअरची जाडी, जाळीचा व्यास व मधल्या थराचा गुणधर्म यांवर केबलचा संरोध, म्हणजे तिच्यातून जाणाऱ्या तरंगातील विद्युतदाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर, ठरतो. दूरचित्रवाणीच्या केबलसाठी तो ७५ ओहम असतो. टोकाशी ही भूमिती बिघडली की संरोध बदलतो आणि तरंगाचा काही भाग आल्या वाटेने परत फिरतो.

म्हणूनच आरजी-६ या सर्वपरिचित केबलचे टोक सोलण्याची रीत मिलिमीटरांत सांगितली जाते. टोकाकडची सुमारे साडेसहा मिलिमीटर कोअर पूर्ण उघडी करायची, तिच्यामागच्या तितक्याच लांबीवरून केवळ बाहेरचे आवरण काढायचे, उघडी पडलेली जाळी मागे दुमडून आवरणावर सारखी पसरायची, वर्ख मात्र पांढऱ्या थराला चिकटलेला तसाच राहू द्यायचा, आणि मग कनेक्टर इतका आत ढकलायचा की पांढऱ्या थराचे तोंड त्याच्या आतल्या तळाशी समपातळीत यावे. एफ कनेक्टरला स्वतःची पिन नसते. कोअरच पिनेचे काम करते, त्यामुळे ती कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली पाहिजे, कमी पडली तर संपर्क धड होत नाही आणि फाजील लांब राहिली तर समोरच्या सॉकेटला इजा करते. जाळीची एक सुटी तार कोअरला टेकली तरी सगळा खेळ आटोपतो. शिवाय आरजी-६ची कोअर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहत असल्याने तेवढा मुलामा पुरतो, परंतु पाते खोल गेले की तांबे खरवडले जाते, पोलाद उघडे पडते आणि पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

जानेवारी १९९१ मधील आखाती युद्ध, त्याच वर्षी आलेला स्टार आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेला झी यांनी केबलची मागणी इतक्या झपाट्याने वाढवली की हे मिलिमीटर मोजायला कोणालाच सवड उरली नाही. कालपर्यंत व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारा, रेडिओ दुरुस्त करणारा किंवा नुसताच गल्लीत वट असलेला माणूस रातोरात केबलवाला झाला. त्याच्या हाताखालची मुले कंपाउंडच्या भिंती, पत्रे आणि नारळाची झाडे यांवरून केबल ओढत, अर्ध्या ब्लेडने आणि ब्लेड नसेल तर दातांनी आवरण सोलत, मागे दुमडायची जाळी अडचण म्हणून कापून टाकत आणि कनेक्टर पकडीने चेपून मोकळी होत. या मुलांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. योग्य मापाचे क्रिंपिंगचे हत्यार त्यांना कोणी दिले नव्हते, जोडलेल्या घरांचे पैसे मिळत, नीट जोडलेल्या टोकांचे मिळत नसत, आणि महिन्याच्या वर्गणीवरून घासाघीस करणाऱ्या ग्राहकालाही केबल खेचून बसवणारा मुलगा पाच मिनिटांत गेला तर समाधानच वाटे.

त्या दशकाचा खास नमुना म्हणजे पिळलेला जोड. शेजारच्या नव्या ग्राहकासाठी स्प्लिटर बसवण्याऐवजी चालू केबल मध्येच कापून तिन्ही कोअर एकत्र पिळायच्या, तिन्ही जाळ्यांचा दुसरा पीळ घालायचा आणि वर काळी टेप गुंडाळायची. ७५ ओहमच्या दोन वाटा अशा समांतर जोडल्या की येणाऱ्या तरंगाला पुढे साडेसदतीसच दिसतात, त्यामुळे परावर्तन अटळ ठरते. त्यात टेप उन्हाने सैल होऊन पहिल्याच पावसात पाणी आत शिरे आणि जाळीच्या विणीतून केबलमध्ये दूरवर झिरपत जाई. मग पडद्यावर मुंग्या येत, कडा पुसट होत, आणि वरळीच्या मनोऱ्याजवळ किंवा सिंहगडावरील प्रक्षेपकाच्या टप्प्यात राहणाऱ्यांना आणखी एक चमत्कार पाहायला मिळे. केबलवर दूरदर्शन त्याच वारंवारतेवर दिले असेल तर उघड्या टोकातून थेट हवेतला संदेशही आत घुसे, आणि तो केबलमधल्यापेक्षा क्षणभर आधी पोहोचत असल्याने निवेदिकेच्या डाव्या बाजूला तिचीच फिकट सावली उभी राही. तक्रार केली की डिश हलली आहे, हे ठरलेले उत्तर येई. डिश बिचारी बहुधा जागच्या जागी असे.

कायद्याने या बाबतीत काय केले, हे तपासण्यासारखे आहे. केबलचालकाची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होऊ लागली, आणि त्यासाठी सोलणे-जोडणे येते की नाही हे कोणी विचारत नव्हते. कलम ९ने उपकरणे भारतीय मानकांनुसार असावीत असे सांगितले, तर कलम १०ने केबलच्या जाळ्यामुळे अधिकृत दूरसंचार यंत्रणेत व्यत्यय येता कामा नये अशी जबाबदारी चालकावर टाकली. पण ज्या फटीतून हवेतला संदेश आत येतो त्याच फटीतून केबलमधला बाहेर गळतो, आणि विमानांच्या दिशादर्शनाचा आणि संवादाचा १०८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टाही केबलवर वापरल्या जाणाऱ्या वारंवारतांच्या मर्यादेतच येतो. कलम १०चे पालन खऱ्या अर्थाने व्हायचे असेल तर ते जिन्यातल्या त्या पिळलेल्या जोडापाशीच व्हायला हवे होते. सार्वजनिक चर्चा मात्र वाहिन्यांवर काय दिसावे, याच एका प्रश्नाभोवती घोटाळत राहिली, आणि उत्तम केबलवर वाईट टोक बसवणे हा अपराध कोणाच्या लेखी नव्हताच.

पुढची वर्षे वादांचीच, आणि खरे तर कंटाळवाणी. २००३ पासून सेट-टॉप बॉक्सच्या सक्तीचे घोळ चालले, अखेर २०१२ मध्ये मुंबईसह महानगरांपासून डिजिटलीकरण सुरू झाले. ॲनालॉग चित्र वाईट टोकावरही मुंग्यांसकट तग धरून राही. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत निर्मळ असते आणि ती ओलांडताच ठोकळ्यांत फुटून गोठते. जुनी उधारी अशी एकदम वसूल होऊ लागली तेव्हा कुठे पाते ठरावीक खोलीवर बसवलेले स्ट्रिपर आणि कनेक्टर सगळीकडून सारखा दाबणारी कॉम्प्रेशनची हत्यारे कारागिरांच्या पिशव्यांत दिसू लागली. परंतु तोवर फायबर दाराशी आले होते. केबलवरून इंटरनेट देताना घराकडून परत जाणारा संदेश कमी वारंवारतेवर असतो, आणि घराघरांतल्या सैल टोकांतून शिरलेला गोंगाट वर जाताना एकत्र साचतो. असे प्रत्येक टोक शोधून बांधत बसण्यापेक्षा नवी तार टाकणे व्यवसायाला सोयीचे वाटले, आणि चांगले हत्यार नुकतेच हाती आलेल्या कारागिराला आता फायबर जोडायला शिका असे सांगण्यात आले.

डीटीएचच्या छत्रीखाली कोॲक्सियल अजून टिकून आहे, आणि तिथली अवस्था पाहिली तर धडा घेतल्याचे दिसत नाही. त्या केबलच्या कोअरमधून संदेश खाली येत असतानाच छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबी या संदेश ग्रहण करणाऱ्या यंत्राला वीजही वर जाते; १३ व्होल्टला ते एका ध्रुवणाच्या, म्हणजे तरंगाच्या आंदोलनदिशेच्या, वाहिन्या पकडते आणि १८ व्होल्टला दुसऱ्या. कनेक्टरमध्ये पाणी शिरले की ही वीज धातूचे क्षरण वेगाने घडवते, जोडावर व्होल्ट गळतात, वर १८ पुरते पोहोचत नाहीत आणि त्या बाजूच्या सगळ्या वाहिन्या एकदम नाहीशा होतात. अशा वेळी ग्राहकसेवेतून आधी बॉक्स बंद करून चालू करायला, मग पॅक तपासायला आणि शेवटी नवा बॉक्स घ्यायला सांगितले जाते. गच्चीवर चढून ते टोक पुन्हा सोलण्याचा पर्याय त्या यादीत बहुधा नसतोच.