जांभळी किनार

आमच्या आईला नव्वदावे लागले, त्या दिवशी मी गच्चीवर तिचा एक फोटो काढला. मागे लखलखीत आभाळ आणि नारळाच्या झावळ्या, अंगावर तिचे आवडते लुगडे, चेहऱ्यावर क्वचित दिसणारे हसू. फोटो झकास आला; पण संगणकावर मोठा करून पाहतो तो काय, झावळ्यांना आणि आईच्या चष्म्याच्या काडीला जांभळी किनार!

प्रथम वाटले, भिंगावर धूळ बसली असावी. पण हा दोष धुळीचा नव्हे, काचेचा. काच जांभळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा अधिक वाकवते; म्हणून सारे रंग एकाच जागी जुळत नाहीत. गडद वस्तू उजेडाला भिडते तिथे हे उघडे पडते. खुद्द न्यूटनने यापुढे हात टेकले आणि १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडने दोन जातींच्या काचा जोडलेल्या भिंगाचे पेटंट घेतले, तेव्हा दोष पुष्कळसा आटोक्यात आला. पुरता मात्र नव्हे!

उरलेले काम आता संगणक करतो. लाइटरूममध्ये दोन उपाय आहेत. एका खुणेसरशी तांबडी आणि निळी प्रतिमा किंचित लहान-मोठी होऊन हिरवीवर नीट बसते. फोटोच्या कोपऱ्यांतली किनार त्याने जाते. बाकीची घालवायला दुसरा उपाय, कडांवरचा जांभळा रंग शोषून घेणारी पट्टी. ती मी उत्साहाने शेवटपर्यंत सरकवली. किनार गायब!

आईला फोटो दाखवला. चष्मा सावरत ती म्हणाली, "छान आलाय रे. पण माझ्या लुगड्याचे काठ कुठे गेले? ह्यांनी घेतलेलं शेवटचं लुगडं आहे ते."

पाहतो तर काठाच्या बारीक जांभळ्या रेघा राखाडी झालेल्या! रंग भिंगाने सांडलेला की विणकराने विणलेला, हे यंत्राला कसे कळावे?

सुदैवाने हा प्रोग्रॅम मूळ फोटोला धक्का लावत नाही. मी पट्टी मागे घेतली, किनार जेमतेम जाईल तिथे थांबलो. मग काठावरून ब्रश फिरवला आणि त्यात तोच उपाय उणे १०० वर ठेवला. उणे म्हणजे 'इथे हात लावू नकोस'. रेघा पुन्हा उमटल्या.

वाचकहो, घरचे फोटो साफ करायला बसाल, तेव्हा फोटोतल्या माणसाला शेजारी बसवा. आमच्या फोटोत एका झावळीला अजून पुसटशी जांभळी छटा आहे. आईची काही तक्रार नाही.